चारही दिशांना अक्षता : वर्धा नदीकाठच्या एका सावत्र आईचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मी देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. बचत गटाच्या कामामुळे या घराशी माझा परिचय झाला आणि पुढे तो टिकला. हा सगळा मुलूख काळ्या जमिनीचा, कापूस, तूर आणि सोयाबीनचा. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर इथून फार दूर नाही, आणि तिथली पालखी दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाते. याच तालुक्यात मोझरीला तुकडोजी महाराजांचा (१९०९–१९६८) गुरुकुंज आश्रम आहे, आणि त्यांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना आजूबाजूच्या अनेक गावांत सायंकाळी होते. ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण एवढेच, की या घरातली श्रद्धा कोणा बुवाकडून किंवा पोथीच्या पारायणातून आलेली नाही. ती सणवार, ओवाळणी आणि नैवेद्य यांच्या रूपाने आधीपासून घरात होती, आणि नव्याने आलेल्या बाईला तिचा काय उपयोग झाला हाच या अभ्यासाचा विषय आहे.

घरात पाच एकर कोरडवाहू शेत, एक बैलजोडी, कर्ता पुरुष, त्याची वृद्ध आई आणि दोन मुले होती. मुलांची आई निंदणाच्या दिवसांत शेतात वीज पडून गेली, तेव्हा मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी दुसरे लग्न केले. नवी बाई यवतमाळ जिल्ह्यातली. तिची पहिली सोयरीक फारकतीने संपलेली होती आणि तिला मूलबाळ नव्हते. लग्न देवळात चार माणसांत झाले. मुलांनी तिला काय म्हणावे हे आजीने परस्पर ठरवून टाकले, आणि ती ‘मावशी’ झाली.

पहिल्या वर्षातल्या अडचणी अशा घरांत नेहमी दिसतात त्याच होत्या. धाकटा मुलगा महिनाभरात तिच्या मागे मागे फिरू लागला. थोरली मात्र तिच्या हातचे जेवत असे, वेणीला हात लावू देत नसे. डबा घेई, पण शाळेतून आल्यावर रिकामा डबा आजीच्या हाती देई. शेजारच्या बायका ‘मावशी मारते का वं?’ असे विचारत आणि मुलगी मारते असेही म्हणत नसे, नाही असेही म्हणत नसे. गावाला एका गोष्टीची विशेष काळजी होती. वीज पडून मृत्यू झाल्यावर कुटुंबाला शासनाकडून ४ लाख रुपयांचे साहाय्य मिळाले होते, आणि मुलांच्या मामाने आग्रह धरून त्यातली मोठी रक्कम दोन्ही मुलांच्या नावे मुदत ठेवीत टाकायला लावली होती. ही ठेव आता नवी बाई मोडणार, असे बोलणे पाणवठ्यापासून किराणा दुकानापर्यंत सर्वत्र चाले आणि ते मुलीच्या कानांवर पडे.

या बाईने काय केले याचा विचार करताना मला प्रथम हे नोंदवावेसे वाटते, की तिने मुलीचे प्रेम मिळवण्याचा प्रयत्न फारसा केला नाही. तिने विचारले ते सासूला, आणि ते असे, की या घरात पोरांच्या मायने वर्षभर काय काय करायचे असते. सासूने जिवती सांगितली, भुलाबाईची खिरापत सांगितली आणि पित्रांतली अविधवा नवमी सांगितली. तिने ती यादी कामाची यादी समजून हाती घेतली. वात्सल्य वाटले तर उत्तम, न वाटले तरी शुक्रवारी दिवे लावायचेच, अशी ही श्रद्धा होती. माझ्या मते सावत्र नात्यात तिचे मोल मोठे आहे, कारण ज्या दिवशी मुलगी बोलत नव्हती त्या दिवशीही बाईला करायला काहीतरी होते, आणि मुलीलाही ते प्रेमाची परतफेड मागत नसल्यामुळे नाकारण्याचे कारण उरत नव्हते.

श्रावणात जिवतीचा कागद देवाजवळ भिंतीला चिकटवतात. त्यावर नरसिंह असतो, कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती असतो, आणि मध्ये जरा व जिवंतिका या दोघी लेकरे घेऊन बसलेल्या असतात. शुक्रवारी आघाडा आणि दूर्वांची माळ घालून पूजा होते आणि पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळले जाते. पहिल्या श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी पाटावर धाकटा एकटाच बसला. थोरली सकाळीच रुसून कुठेतरी निघून गेली होती. लेकरू घरी नसेल तर आईने त्याच्या नावाने चारही दिशांना अक्षता टाकाव्यात अशी रीत आहे. बाईने तशा त्या टाकल्या आणि मोठ्याने म्हणाली, “कोन्या दिशेले तोंड फुगवून बसली ते मले काई मालूम नाई, म्हणून चारही बाजूंनं टाकतो.” आमच्या वऱ्हाडात बायकाही ‘टाकतो’, ‘करतो’ असेच बोलतात. मुलगी दूर कुठे गेलेलीच नव्हती. मागच्या सपरीत कापसाच्या बोऱ्यांवर बसून ती सर्व ऐकत होती, आणि चौथ्या दिशेच्या अक्षता नेमक्या तिच्या डोक्यात पडल्या. ती हसली नाही. पण त्या संध्याकाळी केसांतले तांदूळ काढायला ती आजीकडे न जाता मावशीसमोर येऊन बसली.

पुढच्या शुक्रवारी तिने हल्ला चढवला. जरा ही राक्षसीण होती हे तिला शाळेत किंवा कीर्तनात कुठेतरी कळले होते. महाभारतातल्या सभापर्वात ही कथा आहे : मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धे अर्धे मूल झाले, ती दोन शकले बाहेर टाकून देण्यात आली, आणि जरा नावाच्या राक्षसीणीने ती एकत्र जोडताच मूल जिवंत झाले, तिने सांधलेला म्हणून तो जरासंध. मुलगी कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, “मावशी, हे जरा राक्षसीण होती ना? मंग तुमचीच पूजा हाय हे.” सासूने डोळे वटारले. बाईने पुरणाचा दिवा सारखा करत उत्तर दिले, “हाव ना. पोट्टं दोन राण्यांनी फेकलं अन् उचललं राक्षसीणीनं. आता तू अर्धी रुसलेली अन् अर्धी भुकेली, बस पाटावर, जोडून देतो.”

या उत्तरातला सर्वात महत्त्वाचा भाग मला असा वाटतो, की तिने राक्षसीणपण नाकारले नाही. एरवी अशा प्रसंगी मोठी माणसे ‘मी तुझी आईच आहे’ असे म्हणतात आणि मुलाला ते खोटे वाटते, कारण ते खोटेच असते. इथे परंपरेनेच एक अशी देवता हाती दिलेली होती, जी आई नाही आणि तरी जिच्यापुढे आया आपल्या मुलांसाठी हात जोडतात. बाईने ती जागा हसत घेतली.

विनोद आणि भक्ती एकत्र नांदणे या भागाला नवे नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत, आणि माणसे स्वतःच्या वागण्यावर हसत. या बाईने कीर्तने ऐकलेली होती. गावच्या सप्ताहात एकदा ध्रुवाख्यान लागले आणि सुरुचीने ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू दिले नाही हा भाग येताच बायकांच्या रांगेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. घरी आल्यावर मुले गप्प होती. ती चुलीपुढे बसून म्हणाली, “सुरुचीनं आडवलं म्हणून तर तो पोट्टा तारा झाला. मी काई आडवत नाई बाप्पा, तुम्ही दोघं पऱ्हाटीतच राहसान.” पऱ्हाटी म्हणजे कापसाचे शेत. त्यावर आजी पहिल्यांदा हसली.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागरीपर्यंत गावातल्या पोरी रोज घरोघर टिपऱ्यांवर गाणी म्हणत फिरतात. शेवटी खिरापतीचा डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायचे असते, आणि ज्या घरची खिरापत ओळखता येत नाही त्या घरच्या मुलीची कॉलर त्या दिवशी ताठ राहते. आपल्या घरची पाळी आली तेव्हा थोरलीने काहीच सांगितले नव्हते. शेजारणीकडून कळल्यावर बाईने दुपारी सांजोऱ्या तळल्या, डब्यात गच्च बसवल्या आणि त्यांच्यावर फडक्याच्या सैल पुरचुंडीत मूठभर चिचोके ठेवले. डबा वाजवला की खडखड असा आवाज येई. पोरींनी फुटाणे म्हटले, शेंगदाणे म्हटले, लाह्या, चिवडा, खारे दाणे, एकीने तर साबुदाणाही म्हटला. हरल्यावर डबा उघडला, आणि चिचोके पाहून ‘हे चीटिंग हाय’ असा जो गलका झाला त्यात थोरलीचा आवाज सर्वात मोठा होता, फक्त तो मावशीच्या बाजूने होता. पुढचे चार दिवस ती शाळेत हीच गोष्ट सांगत होती. मी तिला नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली, “आमच्या मावशीचं डोकं लई खतरनाक हाय.” तिच्या तोंडून ‘आमच्या’ हा शब्द त्या विषयात मी तोवर ऐकलेला नव्हता.

यानंतर आली अविधवा नवमी. नवरा हयात असताना गेलेल्या बाईच्या नावाने भाद्रपद वद्य नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात, जमले तर लुगडे-चोळी देतात. पहिलीचे हे दुसरीने करायचे, यात अनेक घरांत भीतीचा भाग असतो. पहिली मागे लागू नये म्हणून तिचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची छोटी प्रतिमा, करून गळ्यात घालण्याची चालही आपल्याकडे होती. या घरी भीती कमी आणि अवघडलेपण जास्त होते. दोन वर्षे आजीने नवमी उरकली होती. तिसऱ्या वर्षी बाईने थोरलीला विचारले, “तुह्या मायले जेवाले काय आवडे?”

लग्नाला वर्ष होऊन गेले होते आणि तोपर्यंत त्या घरात ‘तुझी आई’ हा विषय कोणी मुलीसमोर काढत नव्हते. तिच्या मनाला लागेल म्हणून वडील टाळत, नव्या बाईला वाईट वाटेल म्हणून आजी टाळे. मुलगी काही वेळ गप्प राहिली आणि मग तिने भेदराची, म्हणजे टोमॅटोची, चटणी सांगितली, मुगाचे वडे सांगितले, आणि मग एकदम म्हणाली, “अन् माय वरणात सांबार टाकत नसे. तिले वासच चालत नसे.” आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि बाईच्या हातात त्या क्षणी सांबाराची जुडी होती. तिने ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, “आई वं! मंग वर्षभर माह्या हातचं वरण पाहून तिनं वर कपाय बडवलं असन!” मुलगी हसली, हसता हसता रडली, आणि तासभर बोलत राहिली : माय कशी चालायची, कोणती साडी नेसायची, बाबांवर कशी ओरडायची. बाई भाजी निवडत ऐकत होती. त्या दिवशीचे वरण बिनसांबाराचे झाले. पुढे रोजच्या वरणात सांबार परत आला, पण घरात एक म्हण पडली, काही बिघडले, दूध उतू गेले, भाकर करपली की कोणीतरी म्हणते, “वर कपाय बडवत असन.”

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला निर्णायक प्रसंग हाच. नवमीच्या विधीमुळे मृत आईविषयी विचारणे हे बाईचे कर्तव्य झाले, त्यामुळे प्रश्न खोचक किंवा लाडीगोडीचा वाटला नाही. आणि विनोदामुळे ती मृत आई घरात वावरणारे, नाक मुरडणारे, चुका काढणारे माणूस झाली. फोटोला हार घालून जिला कोपऱ्यात बसवले होते तिच्याशी स्पर्धा करणे दुसरीला शक्य नव्हते. सांबार न आवडणाऱ्या बाईशी तिचे जमले.

विनोद प्रत्येक वेळी साधलाच असे नाही. गटाच्या बैठकीत एकदा बायकांनी ‘किती लेकरं’ असे विचारले तेव्हा ती म्हणाली, “देवानं रेडीमेड पाठवले, तोंडात दात घेऊन.” सगळ्या हसल्या आणि तिलाही ते आवडले. मग तिने आणखी एक पायरी चढून थोरलीच्या अंथरूण ओले करण्याच्या सवयीवर काही म्हटले. आई गेल्यानंतर लागलेली ती सवय तेव्हा सुटलीही होती. बैठकीतल्या एका मुलीने ते शाळेत नेले. थोरली मामाच्या गावी निघून गेली आणि बरेच दिवस परतली नाही. मामाने ठेवीच्या कागदांची विचारपूस पुन्हा सुरू केली. बाई स्वतः तिला आणायला गेली, मामाच्या अंगणात सर्वांसमोर चूक कबूल केली, आणि तिथे एकही गंमत केली नाही. त्यानंतर तिने स्वतःपुरता एक नियम केला, जो तिने मला शेंगा फोडता फोडता सांगितला : हसायचे तर आपल्यावर, मेलेलीवर हसायचे तर आधी पोरीने हसावे, आणि पोरीवर चारचौघांत कधीच हसू नये. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात मी जे शिकले त्यात याहून नेमके काही मला आढळले नाही.

चौथ्या वर्षी बाईला मुलगी झाली आणि गाव पुन्हा जागे झाले. ‘आता खरं कळन’, हे वाक्य बाळंतपणाच्या खोलीपर्यंत पोचले. फरक पडला का, असे विचारले तर पडला. रात्रीची जागरणे, दूध पाजणे, यात मोठ्या दोघांकडे दुर्लक्ष होई. धाकटा मुलगा शाळेत मारामाऱ्या करू लागला. बाईने हे लपवले नाही आणि मीही त्यावर पांघरूण घालणार नाही. मात्र श्रावण आल्यावर ओवाळणीचा क्रम तिने बदलला नाही. बाळ लहान म्हणून आधी त्याला ओवाळ असे सासू म्हणाली, तर तिचे उत्तर होते की रांग लागली आहे, नंबराने या. थोरली, मग मुलगा, मग बाळ. बाळाला पाटावर धरून बसण्याचे काम तिने मुद्दाम मुलाला दिले, आणि त्याच्या मारामाऱ्या त्याच सुमारास कमी झाल्या, याचे श्रेय दिव्यांना द्यायचे की कामाला, ते ज्याने त्याने ठरवावे.

कागदोपत्री हे नाते फार पातळ आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार नैसर्गिक पालक या अर्थाच्या ‘आई’त सावत्र आई येत नाही, त्यामुळे मुलांच्या ठेवीचे नूतनीकरण करायला ती एकटी गेली तेव्हा तिची सही चालली नाही. वडील शेतात फवारणीत अडकलेले, तारीख निघून चाललेली, आणि हिला दोन खेपा पडल्या. घरी येऊन ती म्हणाली, “बरं झालं भाकर टाकाले सही लागत नाई.” १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाच्या निर्णयानुसार आधी आईचे नाव येते आणि मग वडिलांचे, आणि बाळाचा जन्म त्यानंतरचा; मोठ्या दोघांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये आईच्या रकान्यात अर्थातच पहिलीचे नाव आहे. ते बदलून घ्यावे असे एका हितचिंतकाने सुचवले होते. बाईने नकार दिला. “तिचं नाव पुसून माह्यं लिहाचं, मंग नवमीले मी कोनत्या तोंडानं जेवू घालू?” असे ती म्हणाली, आणि मला तिचे म्हणणे पूर्णपणे पटते.

थोरली आता दहावीत आहे. तालुक्याच्या ठिकाणी शिकवणीसाठी राहायचे म्हणून तिने गेल्या उन्हाळ्यात वसतिगृहाचा अर्ज भरला, तेव्हा भेटायला येणाऱ्या नातेवाइकांत तिने मावशीचे नाव लिहिले आणि नात्याच्या रकान्यात ‘मावशी’ असे लिहिले. तिथल्या बाईंनी आईची बहीण का, असे विचारले. मुलगी म्हणाली, “हाव. दोघी भांडतात बी बहिणीवानीच, सांबारावरून.”

घरातले सर्व प्रश्न मिटलेले नाहीत. कापसाला भाव न मिळाल्याने वडिलांच्या डोक्यावर पीककर्ज थकले आहे, आणि मुलांची ठेव मोडून ते फेडावे असे त्यांचे म्हणणे आहे. पैसा शेवटी याच घराचा, असा त्यांचा युक्तिवाद. बाईने त्याला ठाम विरोध केला आहे. ती ठेव मोडणार असे ज्या गावाने पाच वर्षे धरून ठेवले, त्याच गावाला आता ती नवऱ्याशी त्या ठेवीसाठी भांडताना ऐकू येते. या भांडणात तिचा विनोद चालत नाही. नवरा त्याने अधिकच चिडतो. सासू मुलाच्या बाजूची आहे. मागच्या महिन्यात बाईने मुलांच्या मामाला निरोप पाठवून ठेवीच्या पावत्या त्याच्याकडे ठेवायला दिल्या, आणि तेव्हापासून नवरा तिच्याशी कामापुरतेच बोलतो. बाळाचे जावळ काढायचे आहे. त्या निमित्ताने मामाला घरी बोलवावे की नाही, यावर अजून निर्णय झालेला नाही.